गाडीचं काय करायचं ते ठरवूया

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

फोनवर नीट बोलणं होईना, आई रडायला लागते आणि बाबा तुम्ही फोन तिच्याकडे देऊन उठून जाता, म्हणून लिहितोय. छोटूचं आधी सांगतो. खांद्याजवळचं हाड जुळायलंय, काल स्वतःच्या हातानं जेवला. काळजी नको.

आता गाडी, आपली सॅन स्टॉर्म. आई, तू म्हणतेस भंगारात घाला, डोळ्यासमोर नको. बाबा, तुम्ही म्हणताय काय लागतील ते पैसे घाला पण पहिल्यासारखी करा. तुम्ही दोघंही छोटूकडे बघूनच बोलताय असं मला वाटतंय. मोबाईल बघत जांबोटी रोडला गाडी मोरीच्या कठड्यावर घातली, ही त्याची चूकच आहे आणि त्याबद्दल त्याच्याशी बोलायचं ते बोलूच, पण त्या रागापायी गाडी मोडीत काढायची नाही आणि तो वाचला या आनंदात न बघता पैसेपण ओतायचे नाहीत. गाडीचा निकाल गाडी बघून लावूया.

मी उद्यमबागेतल्या मेस्त्रींना घेऊन जाऊन बघून आलो. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची, तिला पत्र्यासारखा डेंट पडत नाही, ती तडकते नाहीतर फुटते, ठोकून सरळ करायचा प्रश्नच नाही. फुटलेली कड घासून मागून मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिनचे (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाचे) थर द्यायचे, वाळवायचं, परत घासायचं, मग रंग. डावा पुढचा कोपरा आणि बंपर गेलाय हे कुणालाही दिसतं, पण मेस्त्रींनी टॉर्च मारून दाखवलं की दरवाजाजवळ, जिथं काही लागलेलंच नाही तिथंपण कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आल्यात. धक्का आत कुठवर गेलाय ते त्यावरून बघायचं म्हणाले. हे काम इथं कुणाला जमलं नाही तर चोर्ला घाटाखाली गोव्यात फायबरच्या होड्या करणारे आहेत, त्यांना विचारता येईल.

इंजिनाची मला एवढी भीती नाही. रेनोचं बाराशे सीसीचं आहे, हेच इंजिन तिकडं युरोपात रेनोच्याच ट्विंगो, क्लिओ असल्या गाड्यांत होतं, म्हणजे पार्ट उशिरा येतील पण येतील. ज्या कंपनीनं गाडी केली तिच्याकडून मात्र आता काही मिळायचं नाही, काच, हेडलाईटची फ्रेम, छताचं कापड सगळं शोधून नाहीतर करून घ्यावं लागणार.

खरी भीती खालच्या लोखंडी फ्रेमची. ती वाकली असली तर वरनं कितीपण चकाचक रंग मारा, चाकं सरळ चालणार नाहीत, टायर एका बाजूनं खाणार आणि हायवेला ऐंशीच्या वर गाडी ओढ घेणार. बाबा, या गाडीला एअरबॅग नाहीत, डोक्यावर नुसतं कापड आहे. वाकड्या फ्रेमवर मी छोटूला काय, कुणालाच बसू देणार नाही, यावर तुम्ही रागावलात तरी चालेल.

इन्शुरन्सचं विचारलंत. आपला नुसता थर्ड पार्टी आहे, त्यात आपल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. फुल असता तरी फायबरच्या पार्टवर 30 टक्के कापतात आणि खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, इतक्या जुन्या गाडीची आयडीव्ही ती किती असणार. म्हणजे जे काय लागेल ते आपल्याच खिशातलं. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलंय.

माझं मत असं. आधी फ्रेम मोजून घेऊ. सरळ निघाली तर दुरुस्त करूया, सावकाश, वर्ष लागलं तरी चालेल, आणि छोटू खांदा बरा झाल्यावर रविवारी घासकामाला मेस्त्रींकडे जाईल, तो स्वतःच म्हणालाय. वाकली असली तर इंजिन, गिअरबॉक्स काढून ठेवू, आरटीओत आरसी रद्द करून घेऊ आणि बाकी देऊन टाकू. बाबा, ती गाडी तुम्ही किती वर्षं मनात धरून घेतलीत ते मला माहीत आहे, केए-22 नंबर लागला त्या दिवशी तुम्ही निपाणीपर्यंत उगाचच जाऊन आला होतात. म्हणून तुम्हाला न विचारता मी काही करणार नाही.

फ्रेम रविवारी सकाळी मोजणार आहेत. तुम्ही या, मी खानापूरला घ्यायला येतो. येताना कपाटातली गाडीची जुनी फाईल आणा, त्यात मापाचा कागद असला तर मेस्त्रींना लागेल. आई, तूपण ये, छोटू तुझी वाट बघायलाय.

तुमचाच,
थोरला