‘बूट रुतत होते’: एका शेऱ्यासाठी आभार

ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण मातीतून निघणाऱ्या वायूंचे आलेख बघणाऱ्यांना त्यातल्या ठिपक्यांमागे शेतात तुमच्यासारखं कोण नमुने घेत वाकून बसलेलं असतं ते कळावं, म्हणून उघड लिहितेय.

माझं काम संगणकापुढचं: शेतातून कधी किती वायू निघेल याचं गणिती मॉडेल चालवायचं. पिकाला नत्र दिलं की मातीतले सूक्ष्मजीव त्यातलं थोडं नायट्रस ऑक्साईड करून हवेत सोडतात. आयपीसीसीचा (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा) ढोबळ हिशोब दिलेल्या नत्राच्या 1 टक्क्याचा. ऐकायला किरकोळ, पण शंभर वर्षांच्या मोजमापात या वायूचा एक किलो 273 किलो कार्बन डायऑक्साईडएवढा तापवतो. शिवाय तो रोज सारखा निघत नाही. आठवडेच्या आठवडे जवळपास काही नाही, आणि खतामागून जोराचा पाऊस आला की चार-दोन दिवसांत हंगामाचा मोठा वाटा निघून जातो. मॉडेलने पकडायचे ते हेच दिवस. माझ्या मॉडेलच्या हातून नेमके तेच निसटत होते.

तीन आठवडे मी मॉडेलमधले गुणांक पिळत बसले. आकडे जुळावेत म्हणून एक गुणांक तर इतका ताणला, की त्याचा मातीशी काही संबंधच उरला नाही. मग तुम्हाला फोन केला आणि विचारलं, ‘त्या दिवशीचा नमुना चुकला असेल का?’ आज ते आठवलं की लाज वाटते. तुम्ही रागावला नाहीत. वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. चेंबर, म्हणजे निघणारा वायू कोंडायला मातीवर ठेवायचा झाकणाचा डबा, बसवल्याची वेळ, दर 15 मिनिटांनी सिरिंजने काढलेले चार नमुने, आणि कडेला शेरा: ‘बूट रुतत होते.’

माझं मॉडेल सांगत होतं, त्या दिवशी मातीतली 55 टक्केच पोकळी पाण्याने भरली होती. तेवढ्यात बूट रुततात होय?

मातीच्या घनतेचा 1.2 (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) हा आकडा मी नकाशावरून उचलला होता. तुम्ही न सांगता ठरावीक मापाची कडी जमिनीत ठोकून माती काढलीत, वाळवून वजन केलंत आणि कळवलंत: 1.45. आकारमानाने पाणी तेच 30 टक्के, पण दाबलेल्या मातीत पोकळीच कमी, म्हणून भरलेला भाग थेट 66 टक्क्यांवर गेला. साधारण 60 ओलांडले की मातीत प्राणवायू तुटपुंजा होतो आणि विनत्रीकरण करणारे, म्हणजे मातीतल्या नत्राचा वायू करणारे, जिवाणू कामाला लागतात. तो एक आकडा बदलला आणि आलेखात शिखर उभं राहिलं. (तुमच्या मापापेक्षा ते अजून ठेंगणंच आहे. तो ताणलेला गुणांक मात्र मी गुपचूप परत मूळ जागी आणून ठेवला.)

आणखी एक. चेंबरचं झाकण हललं त्या दिवशी तुम्ही रकाना रिकामा सोडलात, शून्य लिहिलं नाहीत. शून्य असतं तर मॉडेलने ते खरं मानलं असतं, आणि मीही.

आता माझ्या फाईलमध्ये ‘शेरा’ नावाचा एक रकाना आहे. पुढच्या मोठ्या पावसाला मी येतेय. घड्याळ मी धरेन, सिरिंज तुम्हीच.

तुमची,
मॉडेलवाली