हतनूरखालची घळ, तापीचं पाणी आणि आपलं उत्तर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'तापीकाठची घळ व हतनूर धरण दर्शन' या सफरीत आमचा जीव धोक्यात घातल्याबद्दल आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपण ईमेलने उत्तर दिलंत. त्या दिवशी आकाश निरभ्र होतं, नदीचं पाणी वाढणं ही नैसर्गिक घटना आहे, त्यामुळे कंपनी जबाबदार नाही. शिवाय धरण दिसलं असल्यामुळे सेवा पूर्ण झाली आहे, असं आपलं म्हणणं. हे उत्तर वाचून मला पहिल्यापेक्षा जास्त राग आला. म्हणून पुन्हा लिहिते आहे.

मी भुसावळची. माझं माहेर तापीकाठचं. मुंबईहून भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली होती, त्यांना आपली नदी दाखवावी म्हणून मी प्रत्येकी ९०० रुपये भरून ही सफर ठरवली. ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. भुसावळात ऊन पडलं होतं, हे खरं. पण हतनूरखाली पाणी किती येणार हे भुसावळच्या आकाशावर ठरत नाही. तापी उगम पावते बैतूल जिल्ह्यात मुलताईला आणि बऱ्हाणपूरवरून खाली येते. पूर्णा अकोला-बुलढाण्याकडचं पाणी घेऊन चांगदेवला तिला मिळते. या दोन्ही नद्यांचं पाणी हतनूरला येतं. येणाऱ्या पाण्याच्या मानाने धरणाची साठवण लहान, त्यामुळे पावसाळ्यात ते अडवून धरता येत नाही, दरवाजे उघडून पुढे सोडावंच लागतं. धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि जोराचा पाऊस झाला की ते सगळे उघडल्याच्या बातम्या आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात. इथे ऊन आणि नदीला पूर, ही आमच्याकडच्या पोरासोरांनाही माहीत असलेली गोष्ट आहे. धरणाखालच्या पात्रात लोकांना पैसे घेऊन चालवणाऱ्या कंपनीला ती माहीत नसावी?

माहीत करून घेणं अवघडही नव्हतं. विदर्भात आणि मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाल्याची, विसर्ग वाढवणार असल्याची आणि नदीकाठच्या गावांनी सावध राहावं अशी बातमी त्याच दिवशी सकाळच्या पेपरात होती. गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती आदल्या रात्रीच फिरत होती. हे मला संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. आपल्या मार्गदर्शकाला मात्र ते निघण्याआधी कळायला हवं होतं, कारण त्याचेच पैसे आपण घेतले होते.

घडलं ते असं. घळीतून उतरून आम्ही पात्रालगतच्या खडकांवर आलो. मुलं पाण्याच्या कडेला दगड वेचत होती. वहिनीने चपला काढून एका सपाट दगडावर ठेवल्या होत्या. थोड्या वेळाने पाहते तर त्या दगडाची कड भिजलेली. पाणी आवाज करत आलं नाही. आधी नुसता रंग बदलला, हिरवट पाणी गढूळ झालं, मग दोन दगडांमधली कोरडी वाळू काळी पडत गेली. मी मार्गदर्शकाला म्हटलं, पाणी वाढतंय. तो म्हणाला, "काही नाही मॅडम, वाऱ्याने लाट येते." तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला. तो कशाचा, हेही त्याला सांगता येईना. काठावरच्या केळीच्या बागेतून एक शेतकरी धावत आले आणि वरून ओरडले, "वरतं निंघा, पानी सोडेल हाये!" त्यांनी दाखवलेल्या पायवाटेने आम्ही वर चढलो. धाकट्या भाचीला त्यांनीच हात देऊन ओढून घेतलं. वर येऊन मागे पाहिलं तेव्हा चपलांचा दगड दिसत नव्हता. आपला मार्गदर्शक आमच्याही आधी वर पोचला होता.

दरवाजे उघडणार हे आधी जाहीर झालेलं असताना त्याला नैसर्गिक घटना म्हणून हात झटकता येत नाहीत. पाऊस निसर्गाचा होता. त्या वेळी आम्हाला खाली उतरवायचा निर्णय आपला होता.

दुसरी गोष्ट मी पहिल्या तक्रारीत लिहिली होती, तिला आपण उत्तरच दिलेलं नाही. जाहिरातीत 'खडकांची भव्य घळ' असं छापलं आहे. तापीकाठच्या या घळी खडकाच्या नाहीत. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या पोयट्याच्या त्या भिंती आहेत, मधे चुनखडीचे खडे. पावसाचं पाणी मातीत मुरतं, आतून पोकळ करतं आणि उभीच्या उभी दरड सुटते. सुटण्याआधी काठावर भेग पडते. आमची मुलं फोटोसाठी जिथे उभी केली होती, त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर अशी भेग होती, बोट जाईल एवढी रुंद, गवताखाली झाकलेली. मी ओढून मुलांना मागे घेतलं. खाली ताजी सुटलेली ढेकळं पडली होती, त्यातली बाभळीची मुळं अजून ओली होती. खडक समजून माणूस कडेवर बिनधास्त उभा राहतो, म्हणून तो एक शब्द जाहिरातीत धोकादायक आहे.

धरण दर्शनाचं म्हणाल तर, 'धरणाच्या भिंतीवरून फोटो' असं आपण लिहिलं आहे. भिंतीवर जायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, ती आपण काढलीच नव्हती. रखवालदाराने परत पाठवलं, आणि त्याने ते योग्यच केलं. आम्हाला धरण दिसलं ते बाभळींच्या फांद्यांमधून, लांबून, थोडेसे दरवाजे. मार्गदर्शक तर उत्तरेकडच्या सातपुड्याला सह्याद्री म्हणत होता.

हे सगळं मी नुसतं पैशांसाठी लिहीत नाही. ही जागा खरंच दाखवण्यासारखी आहे. पाऊस सरला, पाणी निवळलं की त्याच मातीच्या भिंतींत वेड्या राघूंची बिळं दिसतात. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर बाहेरून आलेली बदकं उतरतात, चक्रवाकांच्या जोड्या दिसतात. संगमावरचं चांगदेवाचं प्राचीन मंदिर जवळच आहे. काठावरच्या गावातला एखादा माणूस सोबत घेतला, डिसेंबर-जानेवारीत सकाळी दोन तास चाललं, तर मुंबई-पुण्याचे पाहुणे खानदेशाबद्दल चार चांगल्या गोष्टी घेऊन जातील. माझी भाची आता नदीजवळ जायलाच नाही म्हणते, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या फॉर्मवर 'सर्व धोका सहभागींचा' असं वाक्य आहे आणि आम्ही सही केली आहे, हे आपण उत्तरात लिहिलंत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींबद्दल तक्रार करता येते. छापील वाक्याने ती जबाबदारी संपत नाही. आपलं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी याच कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे जळगावला, तक्रार दाखल करू शकते.

माझ्या मागण्या अशा. आम्हा पाच जणांचे ४,५०० रुपये पंधरा दिवसांत, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. जाहिरातीतून 'खडकांची घळ' आणि 'भिंतीवरून फोटो' हे शब्द ताबडतोब काढावेत. पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात सफर नेणं बंद करावं, आणि इतर महिन्यांतही निघण्यापूर्वी विसर्गाची चौकशी केल्याची नोंद ठेवावी. ज्या शेतकऱ्यांनी आम्हाला वर काढलं त्यांचे आभार कंपनीने स्वतः जाऊन मानावेत. त्यांची बाग कुठे आहे ते मी दाखवीन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे आयोगाकडे जाईन. बुकिंगची पावती, आपल्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, काठावरच्या भेगेचे फोटो आणि त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं कात्रण सोबत जोडलं आहे.

आपली,
एक ग्राहक,
भुसावळ, जि. जळगाव