आधी व्हळीची जागा बघ

येळ्ळूर, 12 मे

प्रिय संतू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो कडब्यापायी, आणि तू विचारलंयस तेही म्हशींचंच, तेव्हा सगळं एकदमच लिहितो.

पुण्याची नोकरी सोडून गावात दहा म्हशी बांधायच्या म्हणतोस. गोठ्याचा नकाशा बघितला. पाण्याची टाकी आहे, मोटरची खोली आहे, संध्याकाळी बसायला कट्टासुद्धा आहे. वैरण रचून ठेवायची व्हळी कुठाय गा?

हिशेब करून बघ. हिरवं घातलं तरी एका म्हशीला रोज सहा किलो वाळकी वैरण धर. वर्षाचे झाले जवळजवळ 2200 किलो, दहांचे 22 टन. ती उन्हाळ्यातच भरून ठेवावी लागते. मिरगानंतर कोण आणून देणार? आणि दिलीच तर भिजकी.

आमचं पिंजर घरचंच, सुगीत भात मळल्यावरचं. पण नुसत्या पिंजरावर म्हैस दुधाला टिकत नाही, पोट तेवढं भरतं. म्हणून जोंधळ्याचा कडबा बैलहोंगल भागातनं आणतो, तिकडच्या काळ्या रानातला. कानडी ट्रॅक्टरवाला त्याला कणकी म्हणतो, आपण कडबा. आपल्या व्हळीला तो बणवी म्हणतो. भावावर मात्र आमचं दोघांचं दोन्ही भाषांत भांडण होतं, आणि तेही मजेनं.

यंदा घोळ माझाच झाला. एप्रिलच्या शेवटी भरलेली ट्रॉली निघाली आणि वाटेतच वळवानं गाठलं. वरच्या दोन थरांच्या पेंढ्या ओल्या झाल्या. आप्पा म्हणाले, उभ्या करून ठेव, दोन दिवस ऊन खाऊ देत. मला दुसऱ्या दिवशी बेळगावात काम होतं. ओल्या पेंढ्या मधे घातल्या, कोरड्या बाहेरनं लावल्या, वर ताडपत्री ओढली आणि झोपलो.

पाचव्या दिवशी सकाळी आप्पांनी व्हळीत कोपरापर्यंत हात घातला आणि काही न बोलता माझा हात धरून तिथं घातला. आत चुलीजवळच्या राखेसारखं गरम. वास आंबूस. ओल्या वैरणीत बुरशी आणि जंतू वाढतात, त्यांचीच उष्णता आत कोंडून राहते. जास्त दिवस गेले तर व्हळी आपोआप धुमसून पेट घेते. ताडपत्री घट्ट ओढून मी तर वाफेलाही वाट ठेवली नव्हती.

भर दुपारी सगळी उतरवली. आई, मी आणि शेजारची दोन पोरं. पन्नासेक पेंढ्यांना पांढरी बुरशी धरलेली. वाळवून घालू या म्हणालो, तर आप्पांनी बघितलं नुसतं. बुरशी वाळली म्हणून तिचं विष जात नाही, गाभण म्हशीला तर ती दाखवायचीसुद्धा नाही. सगळं उकिरड्यात गेलं. पैसे किती गेले ते लिहीत नाही, तुझी वहिनी ही पत्रं वाचते.

दुसऱ्यांदा आप्पांनी समोर बसून रचून घेतली. खाली दगड, त्यावर बाभळीच्या फांद्या, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीलाही जरा आडकाठी होते. पेंढ्यांचे शेंडे आत, बुडखे बाहेर. दर दोन थरांवर मूठभर मीठ. अरुंद बाजू पश्चिमेला, कारण आपल्याकडं पाऊस राजहंसगडाच्या अंगानं झोडपत येतो. माथा घराच्या पाख्यासारखा उतरता, त्यावर पिंजराचा जाड थर, आणि दगड बांधून दोन्हीकडं सोडलेल्या दोऱ्या. ताडपत्री आता फक्त माथ्यावर, बाजू उघड्या.

पिंजराला युरियाची प्रक्रिया करतात ते तू कुठंतरी वाचलंयस. आम्ही केली गेल्या वर्षी. 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया, पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा आणि 21 दिवस हवाबंद झाकायचं. उघडल्यावर डोळ्यांतनं पाणी येतं, म्हणून घालायच्या आधी थोडा वेळ पसरून ठेवायचं. थोरल्या म्हशीनं दोन दिवस तोंड फिरवलं, मग खायला लागली. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकांना घालायचं नाही. युरिया अंदाजानं मुठीनं टाकणारे आहेत आपल्यात, तू तसलं करू नकोस, जनावर मरतं.

कडबा बारीक कापायचं कुट्टीचं यंत्र मात्र पहिल्या महिन्यातच घे. अख्खा कडबा टाकला तर पानं खाऊन बुडखे पायाखाली तुडवतात, आणि 22 टनांचे 28 होतात.

आता तुझ्या नकाशाचं. गोठ्यामागं जो मोकळा तुकडा सोडलायस, त्याच्यावरनं विजेची तार गेलीय. विसरलास काय? भरलेली ट्रॉली तिथनं जाणार नाही आणि व्हळी तर अजिबात नको, एक ठिणगी पुरे. आंब्याखालची जागा सावलीची दिसते, पण तिथं पाणी साचतं. उरला तुझ्या चुलत्याच्या बांधाकडचा उंचवटा. तो त्यांच्या वाटणीत आहे. म्हशींचं नंतर बघू, आधी त्यांच्याकडं जाऊन बस. मी येतो बरोबर. गेल्या गणपतीपासून ते माझ्याशी बरं बोलतात.

तुझा,
बाळू