जपानमध्ये वृद्धसेवेसाठी जाणाऱ्यांना तिथली जुनी गाणी शिकवावीत

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जपानमधील वृद्धसेवा केंद्रांत नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसाठी आपल्याकडे भाषावर्ग चालतात. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी सहकार्य करार झाला. त्यात वृद्धांच्या शुश्रूषेचे क्षेत्रही आहे. या कामासाठी जाणाऱ्याला प्राथमिक जपानी भाषेची परीक्षा, शुश्रूषेच्या कौशल्याची परीक्षा आणि शुश्रूषेतील जपानी भाषेची आणखी एक परीक्षा द्यावी लागते. म्हणून वर्गांत शिकवले जाते ते आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, चाकाच्या खुर्चीत बसवणे, औषधांच्या वेळा सांगणे या कामांपुरते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु मी स्वतः जपानी शिकवते आणि त्याआधी काही वर्षे जपानच्या नागानो भागातील एका डे सर्व्हिस केंद्रात, म्हणजे वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात, काम केले आहे. त्या अनुभवावरून माझी आग्रहाची सूचना अशी, की या मुलामुलींना जपानची जुनी लोकप्रिय गाणी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, परीक्षेच्या तयारीइतक्याच गांभीर्याने शिकवली जावीत.

जपानमध्ये आज लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. एप्रिल २००० मध्ये तिथे दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू झाला आणि अशी केंद्रे गावोगावी उभी राहिली. सकाळी गाडी घरोघरी जाऊन वृद्धांना घेऊन येते, ताप आणि रक्तदाब तपासला जातो, आंघोळ होते, जेवण होते आणि दुपारी एकत्र बसून काहीतरी करण्याची वेळ येते. त्या वेळेत सर्वांत जास्त चालतात ती सामूहिक गाणी. मोठ्या अक्षरांत छापलेले शब्द प्रत्येकाच्या हाती दिले जातात किंवा भिंतीवर टांगले जातात, कुठे पेटीसारखा कीबोर्ड असतो, कुठे केंद्रांसाठीच बनवलेले कराओके यंत्र असते, आणि पुढे उभे राहून गाणे सुरू करून देण्याचे काम कर्मचाऱ्याचे असते. हा कर्मचारी गाणे ओळखतच नसेल, तर तो यंत्राचे बटण दाबून बाजूला उभा राहतो, आणि समोर बसलेल्यांना ते लगेच कळते.

या गाण्यांकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये. वृद्धांमध्ये अन्नाचा कण किंवा लाळ श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे तिथल्या शुश्रूषेतील कायमचे भय आहे. म्हणूनच जेवणाआधी ‘पा, ता, का, रा’ ही अक्षरे खणखणीत म्हणवून घेऊन ओठ, जीभ आणि घसा यांना व्यायाम देण्याची पद्धत तिथे आहे. गाण्याने हाच व्यायाम आनंदात होतो आणि श्वासही खोल घेतला जातो. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे, अशांपैकी काही जणांना बोलता येत नसलेले शब्द गाण्याच्या ओघात उच्चारता येतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला परिचित आहे. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्या वेळी शेजारी बसलेल्या मुलीला आपल्या आईचा आवाज पुन्हा ऐकून काय वाटले असेल, याचे वर्णन करण्याचे धाडस मी करणार नाही.

मात्र ‘जुनी गाणी’ म्हणून एकच गठ्ठा सर्वांपुढे ठेवला जातो, हा दोष मला तिथेही दिसला आणि आपल्या वर्गांत गाणी शिकवली गेली तर इथेही शिरेल अशी भीती वाटते. माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतले दिवस उतारवयात अधिक ठळक आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. त्यामुळे हिशेब जन्मसालापासून मांडायला हवा. विमा सुरू झाला तेव्हा पंच्याऐंशीच्या आजीबाई १९१५ च्या सुमारास जन्मलेल्या होत्या, आणि त्यांची गाणी दुसऱ्या महायुद्धापूर्वीची होती. आज नव्वदी गाठलेली व्यक्ती युद्ध संपले तेव्हा दहा वर्षांची होती. आज पंचाहत्तरीत असलेल्या आजोबांनी तर सोळाव्या वर्षी, म्हणजे १९६६ च्या उन्हाळ्यात, टोकियोच्या बुदोकान सभागृहात बीटल्स येऊन गेल्याची धामधूम अनुभवली आहे आणि त्यानंतर निघालेल्या जपानी गिटारवादक चमूंची गाणी तोंडपाठ केली आहेत. त्यांच्यापुढे १९४० च्या दशकातील गाणे ठेवले, तर ते शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवतील, पण ते गाणे त्यांच्या आईवडिलांचे असेल.

नव्वदीतल्यांसाठी ‘रिंगो नो उता’ म्हणजे सफरचंदाचे गाणे माहीत असणे अनिवार्य आहे. जपानच्या शरणागतीनंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ऑक्टोबर १९४५ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटातले हे गाणे. जळालेल्या शहरांत, भुकेल्या माणसांच्या गर्दीत ते रेडिओवरून घुमले. ते गाणाऱ्या नामिकि मिचिको यांनी त्याच वर्षी १० मार्चच्या टोकियोवरील हवाई हल्ल्यात आपली आई गमावली होती. चाल इतकी खेळकर आहे, की काहीच ठाऊक नसलेला परदेशी कर्मचारी हसतमुखाने ठेका धरतो आणि समोरच्या आजींच्या डोळ्यांत पाणी का आले हे त्याला उमगत नाही. गाण्यामागचे साल आणि प्रसंग ठाऊक असेल, तर तो निदान शेजारी जाऊन शांतपणे बसू शकेल. १९४८ चे, कासागि शिझुको यांनी गाजवलेले ‘टोकियो बुगिवुगि’ किंवा १९४९ चे ‘आओई सानम्याकु’ हीदेखील त्याच पिढीची गाणी. दोन्हींचे संगीत हात्तोरी र्‍योइची यांचे आहे, आणि दोन्हींत अंधारातून बाहेर पडलेल्या तरुणाईचा उत्साह आहे.

ज्या एका गाण्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले, ते मात्र १९६४ चे ‘आ, उएनो एकी’ आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत ईशान्य जपानमधील खेड्यांतून शाळा नुकतीच संपवलेली पंधरा वर्षांची मुले-मुली खास गाड्यांनी टोकियोच्या उएनो स्थानकावर उतरत आणि कारखान्यांत, दुकानांत, मालकाच्याच घरी राहून कामाला लागत. ईशान्येतल्याच आओमोरीचे इझावा हाचिरो यांनी गायलेले हे गाणे त्या मुलांचे आहे. स्थानकाबाहेर त्याचे स्मारकही उभारले आहे. कोकणातून मुंबईला आलेल्या चाकरमान्यांच्या घरात वाढलेल्या वाचकाला त्याचा भाव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ती मुले आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि केंद्रांत येऊ लागली आहेत. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून घर सोडून तिथे गेलेली आपली बावीस वर्षांची मुलगी जेव्हा त्यांच्यासमोर हे गाणे म्हणेल, तेव्हा ‘तू कुठली? घरी कोण कोण असते?’ हा प्रश्न तिला विचारला जाईल. तिथल्या वृद्धांशी आपल्या मुलांचे नाते अशाच प्रश्नांतून जुळते. सुरुवातीच्या महिन्यांतला एकटेपणाही त्यामुळे बराच हलका होतो, हे मी अनुभवाने सांगते.

जवळजवळ सर्व वयांना चालणारे गाणे म्हणजे साकामोतो क्यू यांचे १९६१ चे ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे अश्रू ओघळू नयेत म्हणून वर पाहत चालू या. १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. साकामोतो १९८५ च्या विमान अपघातात गेले, त्यामुळे त्या पिढीला या गाण्यात दुहेरी हळहळ जाणवते. यात शिट्टीचा एक भाग आहे, आणि शब्द विसरलेली माणसेही त्या जागी ओठांचा चंबू करून सामील होतात. नागानोत मात्र मी १९१४ च्या ‘फुरुसातो’ (आपले गाव) या शालेय गीतापासून सुरुवात करीन, कारण ते लिहिणारे ताकानो तात्सुयुकी तिथलेच होते आणि त्यातले डोंगर-नद्या तिथल्या लोकांना आपल्याच वाटतात.

काही पथ्येही मुलांना सांगितली पाहिजेत. युद्धकाळातील लष्करी गीते एखादे आजोबा हौसेने मागतात, पण त्याच खोलीत त्या युद्धात भाऊ गमावलेली बाई बसलेली असू शकते, म्हणून ती सर्वांसमोर लावण्याआधी केंद्रातील ज्येष्ठ कर्मचाऱ्याला विचारावे. बालवाडीतल्या मुलांशी बोलावे तशा सुरात बालगीते म्हणवून घेऊ नयेत. ज्यांनी आयुष्यभर संसार आणि कारखाने चालवले, त्यांचा तो अपमान आहे. मूळ ध्वनिमुद्रिकेची पट्टी उतारवयातल्या आवाजाला झेपत नाही, तेव्हा ती खाली घ्यावी आणि लय थोडी संथ ठेवावी. यंत्राचा आवाज वाढवत नेल्याने श्रवणयंत्र लावणाऱ्यांना त्रास होतो. आणि ज्याला गायचे नाही, त्याला नुसते ऐकू द्यावे.

हे शिकवायला फार खर्च किंवा वेळ लागत नाही. आठवड्यातला एक तास पुरे आहे. गाण्याचे शब्द हिरागाना या सोप्या जपानी लिपीत वाचायला लावावेत, ते कोणत्या सालचे आणि त्या वेळी किती वयाच्या माणसांचे, हे फळ्यावर मांडावे, आणि मग सर्वांनी मिळून म्हणावे. रविवारी दुपारचा ‘नोदो जिमान’ हा एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा हौशी गायकांचा कार्यक्रम १९४६ पासून चालू आहे. तो शक्य होईल तेव्हा मुलांना दाखवावा, म्हणजे सामान्य जपानी माणूस कोणत्या गाण्यावर कसा खुलतो हे दिसेल. आवाज चांगला नसल्याची सबब कोणी सांगितली तर ऐकू नये. तिथल्या आजी-आजोबांना सुरेल गाणे नको असते, त्यांना सुरुवात करून देणारे माणूस हवे असते.

असे वर्ग चालवणाऱ्या संस्थांनी येत्या तुकडीपासून हा एक तास सुरू करावा, अशी माझी विनंती आहे. जन्मसालानुसार लावलेली गाण्यांची यादी मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी तयार केली आहे. कोणा शिक्षकाला ती हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी ती विनामूल्य पाठवीन.

आपली विश्वासू,
एक जपानी भाषा शिक्षिका, पुणे