गाणं ठेव, अर्थ काढून टाक

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट दोनदा वाचली. पहिल्यांदा आई म्हणून, एका बैठकीत, रात्री दीडपर्यंत जागून. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'खरं काय ते सांग, उगीच कौतुक नको' असं तूच लिहिलं आहेस, तेव्हा आता तोंड वाकडं करायचं नाही.

आधी जमलंय ते सांगते. एका रात्रीत अंगावरच्या कपड्यांनिशी उचलून नेलेली तीनशे माणसं, चाळीस प्रकाशवर्षांवरचा ग्रह, आणि त्यांना नेणारे काही वर्षांनी गुपचूप निघून गेलेले. ते का गेले हे तू शेवटपर्यंत सांगत नाहीस, हे मला फार आवडलं. परग्रहवासीयांनी पळवून नेल्याच्या ज्या कहाण्या लोक सांगतात त्यांत माणूस नेहमी परत येतो. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेटी आणि बार्नी हिल या नवरा-बायकोने सांगितलेली कहाणी त्यांतली सगळ्यात गाजलेली. पुरावा कशालाच नाही, पण तेव्हापासून घाट ठरून गेला: नेलं, तपासलं, सोडून दिलं. ज्यांना सोडलंच नाही त्यांची हकीकत सांगायला येणार कोण? ती जागा तू बरोबर हेरलीस.

आता पेन्सिलीच्या खुणा.

पान ७. ती बाई पोराला अंगणात उभं करून आकाशात बोट दाखवते, 'ती बघ पृथ्वी.' अगं, पृथ्वी कुठली दिसायला? एवढ्या लांबून आपला सूर्यच इतका मंद होईल की गच्च काळोखात, डोळे ताणून शोधला तरच सापडायचा. पण हे वाक्य खोडताना मला दुसरंच काहीतरी सुचलं. मृगातले ठळक तारे आपल्यापासून शेकडो प्रकाशवर्षं लांब आहेत. चाळीस प्रकाशवर्षं इकडेतिकडे सरकलं तरी मृगाचा आकार फारसा मोडणार नाही. व्याध मात्र आपल्यापासून जेमतेम ८.६ प्रकाशवर्षांवर, त्यामुळे तो जागचा हललेला असणार. म्हणजे त्या पहिल्या रात्री ती बाई वर बघेल, मृग ओळखेल, त्याच्या पोटातला बाण ओळखेल, सवयीने बाणाच्या रेषेत नजर पुढे नेईल आणि तिथे व्याध नसेल. आपल्याला किती लांब आणून टाकलंय हे तिला त्या रिकाम्या जागेवरून कळू दे. पृथ्वीचं नाव काढायचीही गरज नाही.

पान ११. तुझी माणसं तिथली फळं तोडून खातात आणि जगतात. मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा इथे गप्प बसणं मला शक्य नाही. अमिनो आम्लांच्या रेणूंना डावी-उजवी बाजू असते, आपल्या दोन हातांसारखी. पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांची प्रथिनं डाव्या हाताच्या रेणूंची बनलेली. तिथली जीवसृष्टी उजव्या हाताची निघाली, तर पानं-फळं पोटात जातील आणि अंगी काहीच लागणार नाही. भरल्या पोटी उपासमार. तेव्हा त्यांना नेणाऱ्यांनी माणसांबरोबर माती आणि बियाणंही उचललं असणार, पाखरू धरणारा दाण्याचीही सोय करतो तसं. मग पिंजऱ्याचं दार उघडं टाकून पिंजरेवाला निघून गेला, की वसाहतीचा जीव त्या बियाण्यात.

बियाण्याची भीती कशी असते ते तुझ्या गोष्टीत नाही, म्हणून एक खरी हकीकत लिहिते. लायकोव्ह नावाचं एक रशियन कुटुंब १९३६ मध्ये धर्मासाठी होणारा छळ चुकवायला सायबेरियाच्या जंगलात शिरलं आणि १९७८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या एका तुकडीला सापडलं. मधली चाळीसहून अधिक वर्षं ती माणसं बाहेरच्या जगापासून तुटलेली होती. १९६१ च्या जूनमध्ये बर्फ पडलं आणि सगळं पीक गेलं. आई उपासमारीने गेली. पुढे वाफ्यात राय या धान्याचा एकच कोंब उगवला, एकच. त्याला कुंपण घातलं, उंदीर आणि खारी येऊ नयेत म्हणून रात्रंदिवस आळीपाळीने पहारा दिला. त्या एका कणसातून अठरा दाणे मिळाले आणि त्यावर त्यांनी पुन्हा शेत उभं केलं. तुझ्या तीनशे माणसांत कुणीतरी असा पहारा दिलेला मला दिसायला हवा. पाठीत कळ, डोळ्यांवर झोप, आणि समोर बोटभर उंचीचं हिरवं काहीतरी.

पहिल्या हिवाळ्यात तीनशेतली चाळीसच उरली असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. त्या ओळीचे परिणाम पुढे सगळीकडे दिसायला हवेत. प्रशांत महासागरात पिंगेलॅप नावाचं प्रवाळबेट आहे. १७७५ च्या सुमारास तिथे मोठं वादळ झालं आणि वीसेक माणसं वाचली. त्यांच्यातल्या एकाच्या रक्तात रंग न दिसण्याचा दोष होता. एरवी तीस-चाळीस हजारांत एखाद्याला असणारा हा दोष आज त्या बेटावर दहा-वीस माणसांमागे एकाला आहे. उन्हात डोळे दिपतात त्यांचे, पण रात्रीच्या मासेमारीत ते पटाईत. तुझ्या चाळीस माणसांच्या नातवंडांतही असं काहीतरी साचलेलं असेल. पुढे पृथ्वीवरून येणाऱ्या जहाजातून उतरणारा डॉक्टर त्याला रोग म्हणेल. तिथली आजी म्हणेल, आमच्याकडच्यांचे डोळे असेच.

आता मुख्य तक्रार. ती तू शांतपणे वाच.

तुझ्या वसाहतीत प्रत्येक आजी रोज रात्री मुलांना पृथ्वीची कहाणी सांगते. समुद्र, पाऊस, आपल्याला कसं नेलं, सगळं न चुकता. सहा पिढ्या! मला हे पटत नाही. बळजबरीने आणलेली माणसं मुलांना असं सगळं सांगत नाहीत.

बाउंटी या इंग्रज जहाजावरच्या खलाशांचं १७८९ चं बंड तुला माहीत आहे. त्यातले नऊ बंडखोर १७९० च्या जानेवारीत प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न बेटावर उतरले आणि त्यांनी जहाज जाळून टाकलं. बेट नकाशात चुकीच्या जागी दाखवलेलं होतं, लपायला त्याहून चांगली जागा कुठली? १८०८ मध्ये एक अमेरिकन जहाज योगायोगाने तिथे पोहोचलं, तेव्हा त्या नवांपैकी जॉन अ‍ॅडम्स हा एकटा उरला होता आणि त्याच्याभोवती बायका आणि बरीच पोरं. बाकीचे बहुतेक आपापसातच मेले-मारले गेले होते. हरवलेली वसाहत म्हणतात ती हीच. पण गंमत बघ, सगळ्यांच्या तोंडी बंडखोरांची नावं. बेटावर उतरलेल्यांत ताहितीकडचे सहा पुरुष होते आणि दहा-बारा बायका होत्या. त्यांतल्या बऱ्याच बायका जहाजावर आलेल्या असताना नांगराचा दोर कापून जहाज हाकारलं गेलं. सरळ पळवून नेलं त्यांना. त्यांतली एक, जिला जेनी म्हणत, १८१७ मध्ये एका जहाजातून परत गेली, आणि तिने सांगितलं म्हणून हे आपल्याला कळलं. १७९४ मध्ये तर या बायकांनी निघून जायला स्वतः होडी बांधली होती. ती किनाऱ्याजवळच उलटली.

त्या होडीपाशी मी बराच वेळ थांबले, मुक्ता. होडी उलटल्यावर त्या ओल्या कपड्यांनी परत घरी गेल्या. घरी मुलं होती. त्या संध्याकाळी मुलांनी विचारलं असेल, 'कुठे गेली होतीस?' काय सांगितलं असेल? 'तुझ्या बापाने मला पळवून आणलं, मला इथून जायचंय' हे पोराच्या तोंडावर सांगता येतं? मला नाही वाटत. त्यांनी झाडाच्या सालीचं कापड कुटायला शिकवलं, जमिनीत भट्टी करून रांधायला शिकवलं, आणि त्यांचे शब्द मुलांच्या इंग्रजीत मिसळून बेटाची एक वेगळीच भाषा झाली. ती अजून बोलली जाते. हातातलं आणि तोंडातलं सगळं दिलं. हकीकत गिळली.

तू म्हणशील, आई कशावरून एवढं ठामपणे सांगते? तर ऐक. तू सहा वर्षांची असताना आपण घर बदललं. तू रोज विचारायचीस, परत कधी जायचं? महिनाभर मी 'जाऊ लवकरच' म्हणत राहिले. मग मी जुन्या घराचे फोटो कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिले आणि त्या घराचा विषयच बंद केला. तुझ्या बाबांनाही बजावलं. चार-सहा महिन्यांत तू विचारायची थांबलीस आणि मला हायसं वाटलं. पण त्या घरात दिव्याचं बटण दाराच्या डाव्या हाताला होतं, नव्यात उजव्या. पुढे वर्ष-दीड वर्ष तू अंधाऱ्या खोलीत शिरलीस की टाचा उंच करून डाव्या भिंतीवर हात फिरवायचीस. घर विसरली होतीस, हात विसरला नव्हता. मी दारात उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही. हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

तुझ्या ग्रहावरची मुलं असा कुठल्या भिंतीवर हात फिरवतात, ते शोध. तिथे तुझी गोष्ट आहे.

म्हणूनच पान १९. जहाजातली भाषातज्ज्ञ वसाहतीतल्या म्हातारीचं गाणं ऐकते आणि तू खाली लगेच त्याचा अर्थ देतेस. आता याला जोडून मला सगळ्यात प्रिय असलेली हकीकत. अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे वंशज राहतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लोरेन्झो टर्नर हे भाषाशास्त्रज्ञ तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेले. अमेलिया डॉली नावाच्या बाईने त्यांना एक गाणं म्हणून दाखवलं. घरात चालत आलेलं, पण शब्दांचा अर्थ घरात कुणालाच येत नव्हता. पुढे उलगडलं की ती सिएरा लिओनमधली मेंडे भाषा. मग १९९० च्या सुमारास जोसेफ ओपाला आणि सिंथिया श्मिट हे दोन अभ्यासक ती ध्वनिमुद्रिका घेऊन तिथल्या गावोगाव फिरले. एका आडगावात बेंडू जबाटी नावाच्या बाईने ऐकता ऐकता सूर धरला. तिच्या आजीने तिला जवळजवळ हेच गाणं शिकवलं होतं. इकडे अमेलियाची मुलगी मेरी मोरान हिलाही ते पाठ होतं. १९९७ मध्ये मेरी तिथे गेली आणि दोघी भेटल्या.

गाणं कसलं होतं माहीत आहे? मयताचं. बायका थडग्यापाशी म्हणत ते. आणि अमेरिकेतल्या त्या घरात मुलं त्यावर नाचायची.

दीड-दोनशे वर्षं एक शोकगीत पोरांच्या खेळात जिवंत राहिलं. कुणीतरी पहिल्या बाईने ते मुलांसमोर गायलं असेल, अर्थ विचारल्यावर काहीतरी सांगून वेळ मारून नेली असेल. याच्यासमोर तुझ्या म्हातारीचं भाषण, एवढं सुरेख लिहिलेलं असूनही, मला फिकं वाटलं. ते काढच.

शेवटाबद्दल थोडंच. सगळी वसाहत रडत, हसत जहाजात चढते. ट्रिस्टन द कुन्या हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट. १९६१ मध्ये तिथे ज्वालामुखी जागा झाला, म्हणून सगळ्या २६४ माणसांना इंग्लंडला नेऊन ठेवलं. वीज, दुकानं, दवाखाने, सगळं दिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी मत घेतलं, परतायचं की नाही? परत जाण्याच्या बाजूने १४८, विरुद्ध ५. आणि १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेलेसुद्धा. मला वाटतं तुझी माणसं जहाजातल्यांना जेवू घालतील, अंथरूण-पांघरूण देतील, आणि तिसऱ्या दिवशी अदबीने विचारतील, 'मग, तुम्ही निघणार कधी?'

आणखी एक बारीकसं: व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललंय, आणि सगळ्यात जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला त्याला ७०,००० वर्षांहून जास्त लागतील. तेव्हा तुझं जहाज 'पुढच्या महिन्यात दुसरी फेरी मारू' असं म्हणूच शकत नाही. त्याचा वेग वाढव, नाहीतर ते वाक्य काढ.

पान १९ वरचं गाणं मात्र तसंच ठेव, एक अक्षर बदलू नकोस. फक्त खालचा अर्थ काढून टाक. मुलं त्यावर उड्या मारू देत, म्हातारी टाळ्या वाजवू दे, आणि जहाजातून आलेल्यांपैकी एकीने ते ऐकून मान खाली घालू दे. ती कुणाला काही सांगणार नाही.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा दोन ओळींत जागा जास्त सोड. या वेळी समासात पेन्सिल मावली नाही.

तुझी,
आई

ता. क. ते जुन्या घराचे फोटो अजून वरच्या खणातच आहेत. आलीस की काढू.