बचावपटूंच्या वतीने आभार

मा. मॉरिसिओ पोचेटिनो यांस,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉल शिकायला येणाऱ्या मुलांपैकी बचावपटू कुणालाच व्हायचं नसतं. ज्याला जमत नाही त्याला मागे उभं करायचं, ही समजूत फार जुनी आहे. ती खोडून काढायला तुमचा खेळ आणि तुमचे संघ आम्हा प्रशिक्षकांच्या फार कामी आले, म्हणून हे पत्र.

अर्जेंटिनातल्या न्यूवेल्स क्लबमध्ये प्रशिक्षक बिएल्सांच्या हाताखाली तुम्ही सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून घडलात. स्पेनच्या एस्पान्योल क्लबकडून २००० आणि २००६ साली कोपा देल रे हा तिथला चषक जिंकलात. पण मुलांना आम्ही दाखवतो तो २००२ च्या विश्वचषकातला साप्पोरोचा सामना. बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, इंग्लंडचा ओवेन चेंडू घेऊन अंगावर आला, तुमचा पाय पुढे गेला, तो पडला आणि पंच कोलिनांनी पेनल्टी दिली. बेकहॅमच्या त्या एका गोलवर अर्जेंटिना हरली. ओवेन कसा पडला यावर लोक आजही भांडतात. आम्हाला त्यातून पायाची गोष्ट शिकवायची असते. बॉक्समध्ये अंग तिरकं ठेवायचं, गुडघे वाकवायचे, पावलं छोटी टाकायची आणि चेंडू समोरच्याच्या पायापासून सुटेपर्यंत पाय घालायचा नाही. घातला की सगळं वजन त्या पायावर जातं आणि वळायला वेळच उरत नाही. तुमच्यासारख्याकडूनही हे घडलं, हे पाहिलं की मुलं आपली चूक लपवत नाहीत.

याच तुम्ही जानेवारी २००९ मध्ये तळाशी अडकलेला एस्पान्योल प्रशिक्षक म्हणून हाती घेतलात आणि दहाव्या क्रमांकावर नेलात.

तरी आमचं खरं पाठ्यपुस्तक म्हणजे तुमचा २०१५-१६ चा इंग्लंडमधला टॉटनहॅम संघ. डायर मधल्या फळीतून खाली उतरायचा, आल्डरवेरेल्ड आणि व्हर्टोंगन दोन्ही बाजूंना पसरायचे, मग वॉकर आणि रोझ हे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, बिनघोर वर जायचे. ही मांडणी बिघडते ती चेंडू मध्यावर गमावला की, कारण फुलबॅकच्या मागे मैदान मोकळं असतं. म्हणून चेंडू गेल्या क्षणी जवळच्या दोघा-तिघांनी तिथेच तुटून पडायचं. त्यातला एक जरी दोन पावलं उशिरा निघाला तरी पास सुटतो आणि मागचे उघडे पडतात. आघाडीवीर पळाला नाही तर दोष सेंटर-बॅकच्या माथी येतो, हे तुमच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुणी दाखवलं असेल.

त्यासाठी दम लागतो. तुमच्या सरावातली गाकाँ चाचणी आम्हीही लावतो: ४५ सेकंद धाव, १५ सेकंद विश्रांती, दर फेरीला ६.२५ मीटर जास्त. लहान मुलांना मात्र थोड्याच फेऱ्या; थकल्यावर धावण्याची ढब बिघडते आणि पोटऱ्या धरतात.

२०१६-१७ मध्ये तुमच्या संघाने ३८ सामन्यांत फक्त २६ गोल खाल्ले, प्रीमियर लीगमध्ये सर्वांत कमी. विजेतेपद चेल्सीला गेलं, पण तो मोसम पाहून सेंटर-बॅकची जागा मागून घेणारी मुलं आमच्याकडे आहेत. त्यांच्या वतीनेही मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपले,
बचाव शिकवणारे काही मराठी प्रशिक्षक