ताई, तुम्ही आमच्या भावजींना विचारलंत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मोठ्या वयाच्या बौद्धिक अपंगांच्या आमच्या कार्यशाळेत तुम्ही आहार-व्यायामाचं सांगायला येत होतात. तुमच्या निरोपाच्या दिवशी तिथे सगळे पालक एकदमच बोलत होते, त्या गडबडीत माझं बोलायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत आणि तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

आमचे भावजी, म्हणजे माझे दीर, चाळिशीला आलेत. डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त. शाळेत होते तोवर पीटीचा तास तरी होता. अठरा पूर्ण झाली, शाळा सुटली आणि पळणं-खेळणंही सुटलं. मग कार्यशाळेत दिवसभर बसून पाकिटं चिकटवायची, घरी येऊन टीव्हीसमोर बसायचं. आणि आमच्या कोल्हापुरात लाड करायचे म्हणजे खायला घालायचं! काम केलं की चॉकलेट, रुसले की वडा, गल्लीत कुणाकडे काही झालं की पहिला पेढा यांच्या हातावर. एका दवाखान्यात तर ‘ही मुलं जाडच असायची’ असं म्हणून आमची बोळवण केली होती. चाळिशीचा माणूस, आणि म्हणे मुलं.

तुम्ही वजनकाट्याकडे वळायच्या आधी विचारलंत, ‘थायरॉईड शेवटचा कधी तपासला?’ डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईड मंदावणं नेहमीचं असतं. सुस्ती, वाढतं वजन, पोट साफ न होणं, सगळं ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून खपून जातं, हे तुमच्याकडून कळलं. शेजारच्या बाईंच्या मुलाची फाईलही तुम्ही अशीच उलटीपालटी करून पाहिलीत. चिडचिडीसाठी चालू असलेल्या गोळीने त्याची भूक वाढलेली असू शकते, गोळी आपल्या मनाने बंद करू नका पण डॉक्टरांशी बोला, असं त्यांना सांगितलंत. तोवर त्या बिचाऱ्या पोराला खादाड म्हणत होत्या.

मामंजींचा प्रसंग तर मी विसरणार नाही. ते जुने तालमीतले. त्यांचं म्हणणं एकच, पोराला आखाड्यात उतरवा, कोलांट्या मारू देत, मान कमवू दे. तुम्ही त्यांना समोर बसवून समजावलंत की डाउन सिंड्रोममध्ये सांध्यांचे बंध सैल असतात, मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधलेसुद्धा असू शकतात. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मानेवर भार देणारं काही नको. ‘मग बैठका?’ त्यांनी विचारलं. ‘बैठका चालतील, खुर्ची धरून,’ तुम्ही म्हणालात. तेव्हापासून रोज सकाळी सोप्यात बैठका चालतात आणि मोजायला मामंजी उभे.

पण मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

त्या पहिल्या भेटीत तुम्ही भावजींना विचारलंत, ‘तुम्हाला खायला काय आवडतं?’ उत्तर द्यायला आम्ही सगळ्यांनीच तोंड उघडलं. तुम्ही हात वर करून आम्हाला थांबवलंत. ‘मी यांना विचारलंय.’ मग वाट पाहिलीत. भावजींना उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सहसा कुणी देत नाही. शेवटी म्हणाले, ‘भजी. कांद्याची.’ तुम्ही म्हणालात, ‘छान. कोणत्या दिवशी खायची, तुम्हीच ठरवा.’ त्यांनी रविवार ठरवला. तो रविवार त्यांचा आहे, म्हणून बुधवारी भज्यांवरून रुसवाफुगवी होत नाही. आम्ही ‘भजी बंद’ म्हणालो असतो तर घरात महाभारत झालं असतं.

मग ते स्टिकर. हिरवा म्हणजे पोटभर, पिवळा म्हणजे एक वाटी, लाल म्हणजे रविवारी. भावजींना वाचता येत नाही, पण रंगांत ते कधी चुकत नाहीत. डबे त्यांनी स्वतः रंगवले, तुम्ही फक्त विचारत राहिलात. मामंजींच्या शेवेच्या डब्याला त्यांनी दोन लाल स्टिकर लावले, एक वर आणि एक बाजूला, म्हणजे कुठूनही दिसावा. ताटाचा फोटोही तुम्ही छापील तक्त्यातला घेतला नाहीत, आमच्याच स्टीलच्या ताटाचा काढायला लावलात. अर्ध्या ताटात पालेभाजी, काकडी, टोमॅटो. उरलेल्यात भाकरी आणि उसळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ताटही साधारण असंच सांगतं, पण भावजींना हैदराबादशी काय करायचंय? फोटोतलं ताट आपलं आहे, एवढं त्यांना पुरतं. तो फोटो फ्रीजवर आहे आणि वाढताना माझ्यावर त्यांची नजर असते. घास गिळल्यावरच पुढचा उचलायचा, ही सवयही तुमचीच; ठसका लागणं बरंच कमी झालंय.

चालण्यासाठी तुम्ही रंकाळा तलाव सुचवलात, तोही सकाळचा, कारण संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात. हे फक्त कोल्हापूरकरालाच सुचावं! सुरुवातीला एका बाकड्यापासून पुढच्या बाकड्यापर्यंत, मग बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला, आणि तो अपंग व्यक्तींसाठीही, हे तुम्ही पालकांना सांगितलंत खरं, पण लगेच म्हणालात की आकडा भिंतीवर राहू दे, आज आहे त्यापेक्षा थोडं जास्त चाला. माझ्या मुलाने हौसेने नाडी मोजणारं घड्याळ आणलं, तर तेही बाजूला ठेवायला लावलंत. डाउन सिंड्रोममध्ये नाडी इतरांइतकी वर जात नाही, म्हणून घड्याळातले आकडे यांना लागू पडत नाहीत. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी खूण पुरे. भावजी तरीही गातात, हा भाग वेगळा.

वजन फार उतरलेलं नाही, खोटं कशाला सांगू? पण पट्टा आतल्या भोकात जातो आणि जोतिबाच्या पायऱ्या हात न धरता चढतात. २०२३ मध्ये बर्लिनला स्पेशल ऑलिम्पिक, म्हणजे बौद्धिक अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा, झालं तेव्हा कार्यशाळेत सगळ्यांना पदकांचे फोटो दाखवले होते. कौतुक आहेच. पण पदकापर्यंत न पोहोचणारे किती तरी आहेत. त्यांना गंगावेशीच्या दूध कट्ट्यापर्यंत आपल्या पायांनी जाता यावं, याची काळजी करणारं माणूस आम्हाला तुमच्या रूपाने भेटलं.

लग्नसराईत अजून पंचाईत होते. पंगतीत आग्रह करणाऱ्यांना स्टिकर लावता येत नाहीत! भावजी मात्र हल्ली पानावर हात आडवा धरतात, आणि तरी कुणी वाढलंच तर माझ्याकडे न बघता त्या वाढप्याकडेच बघतात.

नव्याने आलेले दोन पालक फोटोंचे तक्ते मागताहेत. तुमची हरकत नसेल तर त्यांना झेरॉक्स देते. मात्र ताटाचा फोटो ज्याचा त्याने काढावा, हे बजावून सांगेन.

आपली,
भावजींची वहिनी
कोल्हापूर